वडी चौकोनीच हवी

स्टुकीबाईंचं महिन्याभराचं औषध मी वितळवलं. तेही एका नारळ घातलेल्या सोड्यापायी.

जुलैतला गुरुवार होता. वाळवंटातल्या आमच्या सांता क्लारा गावात जुलैत ऊन पडत नाही, ते वरून ओततात. गाडीचं चाक धरता यावं म्हणून लोक स्वयंपाकघरातला, भट्टीतून भांडं काढायचा जाड हातमोजा गाडीत ठेवतात. माझ्याकडेही आहे, त्यावर कोंबडीचं चित्र आहे. तर तो कोंबडीवाला मोजा घालून मी शेजारच्या सेंट जॉर्जला गेलो, तिथल्या गांजाच्या औषधालयातून बाईंच्या औषधी जेलीच्या वड्या घेतल्या आणि येताना सोड्याच्या दुकानाशी थांबलो. आम्ही मॉर्मन लोक. दारू नाही, तंबाखू नाही, चहा नाही, कॉफी नाही. एवढं सगळं सोडल्यावर माणसाकडे चैन करायला उरतं काय? सोडा. मग त्यात आम्ही नारळाचा पाक घालतो, लिंबू पिळतो, वर साय सोडतो, आणि बाकीचं जग ज्या तन्मयतेने दारू पितं त्याच तन्मयतेने तो पितो.

दुकानात गारवा होता आणि डीन हॅफन होता. डीनने नुकताच गुडघा बदलून घेतला होता. नवा गुडघा बसवलेल्या माणसाला मध्येच तोडता येत नाही. तो जिना चढून दाखवतो. मी गाडीत परतलो तेव्हा माझा पेला रिकामा झाला होता आणि बाईंची डबी समोरच्या काचेखाली, मी ठेवली होती तिथेच, ऊन खात बसली होती.

डबीच्या आत काय आहे ते बाहेरून दिसू नये, असा राज्याचा नियम आहे. म्हणून मी ती कानाशी धरून हलवली. एरवी ती खुळखुळ्यासारखी वाजते. या वेळी तिने एकच आवाज केला: धप्प.

बाईंच्या दारात मी जमेल तितका निरागस चेहरा केला.

"सिस्टर स्टुकी, आणलं बरं का!"

आमच्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांचे ब्रदर आणि सिस्टर. सख्खा सासरासुद्धा ब्रदरच. बाईंनी डबीचं झाकण दाबलं आणि फिरवलं. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून ते तसं बनवलेलं असतं. मलाही ते उघडत नाही. बाईंना उघडतं. त्यांनी आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे, ब्रदर टोब्लर?"

"वड्या."

"वड्या एकापेक्षा जास्त असतात."

मी डबीत डोकावलो. आत एकच गुळगुळीत, जांभळी लादी होती. डबीच्या तळाचा आकार तिने मनापासून घेतला होता. म्हणजे गोल.

"तू कुठे थांबला होतास?"

"जरा... सोडा."

बाईंनी माझ्यावर नजर रोखली. त्या नजरेखाली मी पूर्वीही एकदा बसलेलो आहे. माझ्या वयाचा गावातला जवळपास प्रत्येक जण बसलेला आहे.

आर्विला स्टुकी निवृत्त होईपर्यंत आमच्या तालुक्यात गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेत असत. शेजारी बसायच्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि "निघ" एवढंच म्हणायच्या. मला त्यांनी 'थांबा'च्या पाटीवर नापास केलं. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर नुसतं लाल वाळवंट होतं. मी वेग कमी केला, इकडेतिकडे पाहिलं आणि निघालो.

"चाकं फिरत होती," बाई म्हणाल्या.

"पण सिस्टर, रस्त्यावर कुणी म्हणजे कुणी नव्हतं!"

"पाटी होती."

आमचे आताचे बिशप व्हिटेकर आठवडाभर गालिचे विकतात आणि रविवारी आमच्या आत्म्यांची देखभाल करतात. त्यांनाही बाईंनी नापास केलेलं आहे, आणि एकदाच नव्हे. बाईंचे यजमान ऑर्लिन परवान्याची मुदत संपली त्या दिवशी चष्मा घरी विसरून कचेरीत आले. बाईंनी त्यांना परत पाठवलं. आता परवाना नाही म्हटल्यावर बिचारे भर उन्हात पायी निघाले, आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर बाई त्यांच्या शेजारून गाडीने गेल्या, असं गावात सांगतात. मी बाईंना एकदा विचारलं, हे खरं का? म्हणाल्या, "मी हात केला होता."

ऑर्लिन गेले तेव्हा ह्याच बाई थडग्याशी सगळे पांगेपर्यंत उभ्या होत्या. तेव्हा पाय साथ देत होते.

बाईंची दुसरी ख्याती म्हणजे जेली. हिरवी, लिंबाची, आत किसलेलं गाजर. गाजर का, हे आम्हाला विचारू नका, आम्हीही आमच्या आयांना विचारलं नाही. लग्न असो, मयत असो, आमच्या राज्यात जेली असतेच; बाईंची जेली मात्र अशी कापलेली असते की कोपऱ्यावर बोट ठेवलं तर टोचेल. परातीतला एक तुकडा दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला, असं कधी झालं नव्हतं.

ह्या सगळ्याचा गांजाशी संबंध आहे.

काही वर्षांपूर्वी राज्यात औषधी गांजावर मतदान झालं, तेव्हा बाईंनी अंगणात 'नको' अशी पाटी ठोकली होती. गावसभेत आमदार आले, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी विरोधात मत देणार आहे. पण तुम्ही लोक हे आणणारच असाल, तर एवढं करा. पलीकडे नेवाडात त्याची अस्वलं करतात, तारे करतात. पोर अस्वल मागतं. पोर तारा मागतं. चौकोन मागणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही." आणि खाली बसल्या.

पुढे कायदा आला. त्यात खरोखरच होतं की गांजाची जेली द्यायची तर ती चौकोनी वडीच्या आकारात, दुसऱ्या कुठल्याही नाही. कायदे करणाऱ्यांना हे कुणी सुचवलं, देव जाणे. इतक्या जणांनी इतकं काही सुचवलेलं असतं. पण बाईंची पक्की समजूत आहे की तो चौकोन त्यांचा. मी कधी हो म्हटलं नाही आणि नाही म्हणायची माझी छाती नाही.

मग बाईंना कर्करोग झाला. औषधांनी तो गेला, पण जाताना पायांतल्या नसा जाळून गेला. दिवसा त्या कसंबसं चालवून घेतात, पण अंथरुणावर पडलं की तळव्यांना निखारे लागतात. डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं. शेवटी त्या डॉक्टरीणबाई, योर्गन्सन त्यांचं नाव, म्हणाल्या, "आर्विला, आता एकच राहिलंय." ज्या बाईने उभ्या जन्मात चहाचा घोट घेतला नाही, तिला अशा रीतीने राज्याचं गांजाचं कार्ड मिळालं. मला याचं फार कुतूहल होतं. अंगणात पाटी ठोकणाऱ्या हाताने पहिली अर्धी वडी तोंडात टाकली, तेव्हा बाईंच्या मनात काय आलं असेल?

"काही... वाटतं का हो, घेतल्यावर?" मी एकदा चाचरत विचारलं होतं.

"झोप येते असं वाटतं. मग येते."

वड्या आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण चर्चने मला बाईंच्या घराकडे लक्ष ठेवायला नेमलेलं आहे. आमच्यात प्रत्येक घराला असा एक भाऊ नेमलेला असतो. दिवे बदलायचे, गटार साफ करायची, बसून गप्पा मारायच्या. बाईंचे पाय गाडीच्या पेडलांवर ठरत नाहीत. घरपोच औषधाची गाडी येते, पण ती दारात थांबली तर समोरच्या सिस्टर फ्राय खिडकीत येतील, आणि बाईंना आपलं औषध डॉक्टर, बिशप आणि मी सोडून कुणालाही कळू द्यायचं नव्हतं. तेव्हा मी राज्याकडे रीतसर काळजीवाहू झालो. त्यासाठी माझ्या बोटांचे ठसे घेतले. जन्मभर बागेच्या पाण्याचे पाइप विकले आणि चिकटवले मी, ठसे घेणारी पोरगी म्हणाली, "आजोबा, बोटांवर रेषाच नाहीत, आहे तो नुसता डिंक."

आणि असल्या तावूनसुलाखून निवडलेल्या काळजीवाहूने हे करून ठेवलं होतं.

"सिस्टर, मी काय म्हणतो," मी म्हणालो, "सुरीने कापू या की. तुमच्या हातची जेली आणि—"

"डॉक्टरांनी काय लिहिलंय?"

"झोपताना अर्धी वडी."

"मग ह्यातली अर्धी वडी मला दाखव. कुठून सुरू होते, कुठे संपते?"

मी लादीकडे पाहिलं. लादीने मला काही मदत केली नाही.

आता ह्यात बाईंचं काय अडलं होतं, ते सांगायला हवं. त्यांची नात ब्रिनली हिचं लग्न पुढच्या बुधवारी, सेंट जॉर्जच्या आमच्या मंदिरात होतं. मंदिरात शिरायला बिशपच्या सहीचं पत्र लागतं. पत्र नसेल तर नवरीची सख्खी आई असली तरी बाहेर हिरवळीवर बसायचं. बाईंच्या पत्राची मुदत लग्नाआधीच संपत होती आणि नव्या पत्रासाठी रविवारी बिशप मुलाखत घेणार होते. मुलाखतीत ठरलेले प्रश्न असतात: प्रामाणिक आहात का, खाण्यापिण्याचे नेम पाळता का. डॉक्टरांनी सांगितलं तसं घेतलं, तर गांजाला चर्चची हरकत नाही. पण बाईंच्या मते, अंदाजपंचे कापलेली लादी म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं तसं नव्हे. आणि काहीच न घेता सलग जागरणं झाली, तर त्या पायांवर बुधवारी मंदिरात बसणं व्हायचं नाही.

"घेतलं तर पत्र नाही, नाही घेतलं तर पाय नाहीत," बाई म्हणाल्या. "गाडी काढ."

लादीची डबी बर्फाच्या पेटीत ठेवून, पेटी मांडीवर घेऊन, बाई माझ्या शेजारी बसल्या. पेटीवर दोन्ही हात. मी कोंबडीचा मोजा चढवला आणि 'थांबा'च्या प्रत्येक पाटीशी असा थांबलो की मागच्या माणसाने उतरून काही बिघडलंय का विचारलं.

औषधालयाच्या दारावर पहारेकरी कार्डं बघतो, मग दार उघडतं. आत गेल्यावर मात्र कुणालाही आपण दातांच्या दवाखान्यात आलोय असं वाटेल. तिथली औषधं देणारी सेला मोआला ही टोंगा बेटांवरून आलेल्या कुटुंबातली. दारात मावणार नाही एवढी उंच आणि आवाज मात्र अंगाईचा. तिने डबी उघडली आणि तिरकी करून दिव्याखाली धरली.

"सिस्टर, मेणबत्ती आहे का ही?"

"ब्रदर टोब्लरला विचार."

"उन्हात...?" सेला माझ्याकडे वळली. मी पायाखालच्या फरशीचं निरीक्षण केलं. "ब्रदर, डबीवर लिहिलंय ना, थंड जागी ठेवा म्हणून. आता वितळताना औषध एका कडेला जास्त, एका कडेला कमी गेलेलं असणार. कुठल्या तुकड्यात किती, मी नाही सांगू शकत. कुणीच नाही."

बाईंनी माझ्याकडे फक्त पाहिलं. म्हणजे सुरीचा प्रश्न मिटला.

"मग ही घे आणि दुसरी दे," बाई म्हणाल्या.

"ही मी घेऊ शकते, पण नष्ट करायला. दुसरी नाही देता येत. डॉक्टरांनी जेवढं लिहिलंय तेवढं या महिन्याचं तुम्हाला मिळालं, असं राज्याच्या संगणकात आहे."

मी म्हणालो, "आमच्या घरी बर्फाचा साचा आहे. चौकोनी. मी पुन्हा वितळवून, नीट ढवळून—"

"ब्रदर," सेला गोड आवाजात म्हणाली, "राज्यात ह्याला कारखाना म्हणतात. परवाना लागतो. नसेल तर तुरुंग."

"गप्प बस, टोब्लर," बाई म्हणाल्या. 'ब्रदर' गळालं, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मी ओळखलं.

सेलाने पडद्यावर बोट फिरवलं. "डॉक्टरांनी मात्रा कोरी ठेवली असती, तर मी ठरवू शकले असते. थेंब दिले असते तुम्हाला. बरेच डॉक्टर कोरी ठेवतात. तुमच्या कागदावर मात्र स्पष्ट लिहिलंय, वडी, अर्धी."

"मीच लिहायला लावलं," बाई म्हणाल्या. "कोरी जागा सोडून सही करणाऱ्यांचं काय होतं, ते मी आयुष्यभर बघितलंय."

"मग बदल डॉक्टरांनीच पाठवायला हवा. तोवर ही लादी इथेच ठेवते."

दवाखान्यात फोन लावला, तर यंत्र बोललं. शुक्रवारी चोवीस जुलै, आमच्या पूर्वजांच्या आगमनाचा सण. दवाखाना सणाला जोडून आजपासून पुढचा गुरुवार उजाडेपर्यंत बंद. योर्गन्सनबाई सहकुटुंब लेक पॉवेल तळ्यावर, घरासारख्या नावेत. तिथे डोंगरांच्या भिंतींत फोन लागत नाही. लोक त्यासाठीच तिथे जातात. तातडीसाठी त्यांच्या जागी नेमलेल्या डॉक्टरांची गांजासाठी राज्याकडे नोंदणीच नव्हती.

परतताना मी हळूच म्हणालो, "सिस्टर, मेस्कीट काही लांब नाही. डोंगर उतरला की नेवाडा. तिथे कुणी काही विचारत नाही."

"आणि घेऊन येताना राज्याची सीमा तू ओलांडणार. केंद्र सरकारच्या कायद्यात हे काय आहे, माहीत आहे?"

"गुन्हा."

"आणि आकार?"

"...अस्वल."

"समोर बघ."

दुसऱ्या दिवशी सण. मिरवणुकीत हातगाड्या ओढणारे पूर्वज झाले, त्यांच्या मागे अग्निशामक बंब झाला, मग सगळे चर्चच्या मागच्या झाडांखाली जेवायला जमले. बाईंची जेली आली, तशी ती दरवर्षी येते. पण ती वाढायला घेणाऱ्या सिस्टर फ्राय जागच्या जागी थांबल्या. परातीतली एक ओळ तिरकी गेली होती. फार नाही. दुसऱ्या कुणाची असती तर कुणी पाहिलंही नसतं.

"आर्विला," सिस्टर फ्राय कुजबुजल्या, "तुला बरं नाही का?"

"ऊन आहे," बाई म्हणाल्या. डोळे लाल होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्या एक पाय उचलत होत्या, मग दुसरा, तापल्या वाळूवर उभं राहिलेलं माणूस करतं तसं.

बिशपही खुर्ची ओढून जवळ आले. त्यांना मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं.

"सिस्टर स्टुकी," ते हळू आवाजात म्हणाले, "लादी परत आणा, घ्या एक तुकडा. देव काही फूटपट्टी घेऊन बसलेला नाही."

"तुला त्यात किती औषध आहे ते कळतं?"

"नाही."

"सेलालाही नाही कळत. आणि परवा तू मला विचारणार, आर्विला, तू सगळ्या बाबतीत प्रामाणिक आहेस का."

"विचारावं लागतं."

"मग मला त्याचं उत्तर एका शब्दात द्यायचंय. 'हो, पण' असं नाही द्यायचं. 'हो, पण' म्हणणाऱ्या किती जणांना मी परवाना दिला, आठवतंय तुला?"

"मला तर नाहीच दिला," बिशप खिन्नपणे म्हणाले.

ब्रिनली पलीकडे आपल्या होणाऱ्या नवऱ्याला मक्याचं कणीस खायला शिकवत होती. तो बिचारा बाहेरच्या राज्यातला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीचे हात धरून उठल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर्सनो!"

परीक्षेच्या गाडीत वापरायच्या तो आवाज. महिला मंडळ सबंधच्या सबंध गप्प झालं. एका पुरुषाने तर गाडीतला पट्टा शोधावा तशी कंबर चाचपली.

"लेक पॉवेलला कुणाचं कोण आहे? डॉक्टर योर्गन्सन तिथे नावेवर आहेत. त्यांना गाठायचंय, आजच्या आज."

"माझा भाचा आहे, नावांना तेल भरतो धक्क्यावर," सिस्टर फ्राय म्हणाल्या. "पण निरोप काय द्यायचा?"

एवढे महिने मी ती डबी कोटाच्या आत लपवून नेली होती. जुलैत कोट घालणारा गावातला मी एकटाच माणूस.

"सांग," बाई म्हणाल्या, "आर्विला स्टुकीच्या गांजाचं काम आहे."

बटाट्याच्या भांड्यात कुणाचा तरी डाव पडला. बाई ताठ उभ्या होत्या, पर्सवर दोन्ही हात. ज्यांना ज्यांना त्यांनी कधी नापास केलं होतं ते सगळे समोर बसलेले होते, आणि मला वाटलं, आज बाई स्वतः चालकाच्या जागी बसल्या आहेत.

सिस्टर फ्रायनी चष्मा वर केला.

"थेंब का वड्या?" त्यांनी विचारलं.

"...वड्या."

"वड्यांनी मला जळजळते. मी थेंब घेते."

मग काय झालं ते मला धड सांगता येणार नाही, कारण एकदम सगळ्याच बोलू लागल्या. कुणाची पाठ, कुणाच्या आईचा कंप, कुणाच्या मुलाच्या फिट्स. जी ती आपलं औषध शेजारणीपासून लपवत होती आणि शेजारीण तेच करत होती. बिशपना सगळं आधीपासून माहीत असणार. ते आकाशाकडे बघत कणीस खात होते.

फोनांची साखळी सुरू झाली. आमच्या महिला मंडळाने ठरवलं तर हरवलेलं विमान सापडेल. सिस्टर फ्रायचा भाचा तेलाची होडी घेऊन निघाला आणि भोंग्यावरून, "डॉक्टर योर्गन्सन, सांता क्लाराच्या बायका तुम्हाला बोलावतायत," असं ओरडत तळ्याच्या एकेका फाट्यात शिरला.

डॉक्टर सापडेपर्यंत बायकांना मात्र दम धरवेना. शनिवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो, तर ओसरीवर ओळीने झाकलेली भांडी. 'अंत्यविधीचे बटाटे' म्हणून आमचा एक पदार्थ आहे, चीज घालून भाजलेला. नाव अंत्यविधीचं, पण तो कुठल्याही संकटात येतो. प्रत्येक भांड्याखाली घडी केलेला रुमाल आणि रुमालात एकेक छोटी डबी. कुणाच्या वड्या, कुणाचे थेंब, कुणाच्या गोळ्या.

बाई फोनवर मंडळातल्या एकीशी बोलत होत्या. "डॉर्थी, तुझी डबी घेऊन जा. राज्याने ती तुझ्या नावाने दिलीय. माझ्या ओसरीवर ती असणं हा तुझाही गुन्हा आणि माझाही. ...नाही, टोब्लरबरोबर नाही पाठवू शकत. दुसऱ्याचं औषध त्याच्या हाती देता येत नाही, कायद्यानेही आणि अनुभवानेही. ...बटाटे? बटाटे राहू देत."

असं त्यांनी सगळ्यांना बोलावलं, आणि सगळ्या आल्या, आणि मान खाली घालून आपापली डबी घेऊन गेल्या. जाताना प्रत्येकीला बाईंनी दारात थांबवून तिचा हात हातात घेतला. बाईंच्या हिशोबात ते मिठी मारण्यासारखं होतं.

दुपारी सेलाचा फोन आला. योर्गन्सनबाईंनी ओल्या कपड्यांनिशी धक्क्यावरच्या कचेरीत बसून बदल पाठवला होता: वितळलेल्याच्या बदल्यात तेवढ्याच वड्या पुन्हा. आम्ही पुन्हा गेलो. सेलाने लादी वजन करून नष्ट करायच्या पेटीत टाकली आणि संगणकासमोर बसली.

"कारण विचारतोय हा. काय लिहू, सिस्टर? उष्णता?"

"सोडा लिही," बाई म्हणाल्या.

सेलाने उष्णता लिहिलं. तिच्या जमातीत वडीलधाऱ्यांची लाज राखतात.

नवी डबी बाईंनी कानाशी धरून हलवली. खुळखुळली. वाटेत त्या पेटी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या, आणि तरीही मी प्रत्येक पाटीशी पुरता थांबलो.

रविवारी बिशपच्या खोलीबाहेर मी बाकावर बसलो होतो. बाई आत गेल्या आणि मी टेकतो न टेकतो तोच बाहेर आल्या. मागून बिशप आले, कपाळ पुसत. "एवढी छोटी मुलाखत मी अजून घेतली नाही," ते मला म्हणाले. "मीच परीक्षेला बसल्यासारखा घामेजलो." बाईंनी पत्र पर्समध्ये ठेवलं, पर्स मिटली, आणि वाजवून पाहिली, नीट मिटली का.

बुधवारी ब्रिनलीचं लग्न लागलं. मी हिरवळीवर, सावली बघून, पाण्याची बाटली घेऊन बसलो होतो. मंदिराचं दार उघडलं आणि नवरा-नवरीमागून बाई बाहेर आल्या, पांढऱ्या केसांना क्लिपा लावलेल्या, आपल्या पायांवर. फोटोसाठी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, तेव्हा कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. त्यांनी तिच्यावर पर्स ठेवली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

घरी सोडताना माझं कुतूहल मला बसू देईना.

"सिस्टर, समजा उद्या पुन्हा मतदान झालं, तर त्या पाटीचं काय कराल?"

"उजवीकडे वळायचंय तुला. दिवा लाव."

मी दिवा लावला. वळलो. त्यांच्या गल्लीत शिरलो. खरा प्रश्न हा नव्हताच. माझं काळजीवाहूचं कार्ड त्यांच्या एका शब्दावर रद्द होऊ शकत होतं, आणि सिस्टर फ्राय तर त्या जागेसाठी ठसे द्यायलाही तयार होत्या. दारापाशी मी गाडी थांबवली. चाकं पूर्ण थांबली.

"मग पुढच्या महिन्याला... मीच जाऊ ना, सिस्टर?"

बाईंनी दार उघडलं, एक पाय जमिनीवर टेकवून पाहिला, मग दुसरा टेकवला, आणि उभं राहून माझ्याकडे वळल्या.

"जा, पण सोडा जाताना प्यायचा, येताना नाही."